टर्कीच्या खिम्याचे कोबी रोल कोरडे का होतात, आणि ते रसाळ कसे करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात वर्षानुवर्षे डुकराच्या आणि गाईच्या मिश्र खिम्याचे कोबी रोल, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळून रश्श्यात शिजवलेला खिमा, होत आले. आता डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितली, म्हणून तुम्ही कृती तीच ठेवली, मसाला तोच, अडीच तासांचा वेळही तोच, आणि फक्त मांस बदलून टर्की पक्ष्याच्या छातीचा खिमा घेतला. रोल कापल्यावर आत घट्ट, कोरडी गोळी निघाली, पान सुटून बाजूला पडले आणि रस्सा पाणचट लागला. टर्की, हरीण, बायसन (गव्यासारखा मोठा प्राणी) अशा कमी चरबीच्या मांसाचा हा पदार्थ पूर्वीसारखा होऊ शकतो का, असे तुम्ही विचारले आहे.

होतो, आणि फार चांगला होतो. मात्र मांस बदलले की वेळेचा हिशेबही बदलावा लागतो. तो बदलला नाही तर मसाला कितीही घाला, काही फरक पडत नाही. मी वीसेक वर्षे हे रोल करते आहे, त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे कमी चरबीच्या मांसाचे. मलाही सुरुवातीला नेमके हेच झाले होते. एका मोठ्या कौटुंबिक जेवणासाठी निव्वळ टर्कीच्या छातीचे साठ रोल केले होते. ओव्हनमधून काढले तेव्हा वरून देखणे दिसत होते. एक कापून पाहिला, तर पान आणि खिमा यांच्यात अर्ध्या बोटाची पोकळी, तिच्यात पिवळसर पाणी साचलेले आणि मध्ये राखाडी, दाणेदार गोळी. वाढायला दुसरे काही नव्हते. लोकांनी रस्सा ओतून घेत ते खाल्ले आणि कोणी बोलून दाखवले नाही, पण ताटात उरलेले मला दिसत होते. तोवर मी फक्त मसाला कमीजास्त करून पाहायचे. त्या दिवसानंतर मी घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन कामाला लागले.

चूक कुठे होते ते आधी समजून घ्या, पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. जुन्या कृतीतल्या खिम्यात चरबी २० ते ३० टक्के असते. ती वितळून मांसाच्या कणाकणांत पसरते. शिवाय अशा खिम्यात संयोजी ऊतक, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू आणि पडदे, बरेच असतात. दोन-तीन तास मंद आचेवर राहिले की त्यांचे जिलेटिन होते आणि तोंडात ओलसर, चिकटसर लागते. म्हणून तो खिमा लांबलचक शिजणे सहन करतो, नव्हे, त्याला ते हवेच असते. आणि तेवढ्याच वेळात कोबीही लोण्यासारखा मऊ होतो. एका भांड्यात, एकाच वेळेत दोन्ही कामे होतात. जुन्या कृतीचा सगळा सोपेपणा यात आहे.

कातडी काढलेल्या टर्कीच्या छातीत चरबी दोनेक टक्के असते, आणि विरघळण्यासारखे संयोजी ऊतकही फारसे नसते. मांसातली प्रथिने ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आवळू लागतात. ६५ ते ७० अंशांच्या पुढे गेले की ती पिळलेल्या फडक्यासारखी आतले पाणी बाहेर टाकतात. चरबी असती तर तिने हे झाकून नेले असते. इथे झाकायला काहीच नाही. अडीच तास खळखळत ठेवलेला असा खिमा त्यातले दोन तास फक्त वाळतच असतो. तुमच्या रोलमध्ये साचलेले पाणी म्हणजे त्या मांसाचाच रस. गोळी आकसली म्हणून पान सैल पडले, आणि तोच रस बाहेर येऊन रस्सा पातळ झाला. तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

म्हणून कोबीचे शिजणे वेगळे करायचे आणि खिम्याचे वेगळे. कोबी आधीच जवळजवळ पूर्ण शिजवून घ्यायचा, रस्साही आधीच आटवून तयार ठेवायचा, आणि रोल भरल्यावर भांड्यात फक्त खिमा शिजेल एवढाच वेळ द्यायचा.

कोबीपासून सुरुवात करू. मोठा, किंचित चपटा आणि हाताला थोडा सैल लागणारा, पावणेदोन-दोन किलोचा गड्डा घ्या. दगडासारख्या घट्ट गोल गड्ड्याची पाने लहान आणि सुरकुतलेली असतात, सोलताना फाटतात. सॅव्हॉय जातीचा, जाळीदार पानांचा कोबी मिळाला तर उत्तम. त्याची पाने लवकर नरम होतात आणि गोडसर लागतात. देठाचा भाग अणकुचीदार सुरीने शंकूसारखा कोरून काढा. मोठ्या पातेल्यात मिठाचे पाणी उकळा आणि गड्डा कोरलेली बाजू खाली करून त्यात सोडा. तीन-चार मिनिटांनी बाहेरची पाने आपोआप सुटू लागतात. चिमट्याने एकेक सोडवून घ्या, आतल्यांना आणखी वेळ द्या. १६ ते १८ चांगली पाने निघाली की पुरे. फाटलेली आणि आतली लहान पाने फेकू नका, ती भांड्याच्या तळाशी लागणार आहेत.

बहुतेक जण इथे थांबतात, कारण पान वाकायला लागलेले असते. वाकणारे पान म्हणजे शिजलेले पान नव्हे. सोडवलेली पाने परत त्याच उकळत्या पाण्यात सहा ते आठ मिनिटे ठेवा, सॅव्हॉय असेल तर चार. एक पान उचलून मधली जाड शीर बोटाभोवती गुंडाळून पाहा. ती कडकन न मोडता वळली पाहिजे आणि नख दाबले तर आत गेले पाहिजे. कडेचा तुकडा खाऊन पाहा, आणखी थोडे शिजले असते तर आवडले असते इतपत तो असावा. उरलेले थोडे भांड्यात होते.

काही जण या पाण्यात व्हिनेगर घालतात, पाने फाटत नाहीत म्हणून. ते खरे आहे, पण त्याचे कारणच आपल्या विरुद्ध जाते. आंबट पाण्यात भाजीच्या पेशीभित्ती घट्ट राहतात, कोबी मऊ व्हायला वेळ लागतो. टोमॅटोच्या रश्श्यातही तेच होते. अर्धवट शिजलेले पान टोमॅटोत गेले की ते तासभर ढिम्म हलत नाही. आपण 'कोबी अजून कच्चा आहे' म्हणत वेळ वाढवत जातो आणि आतला खिमा तिकडे वाळत जातो. कोरड्या रोलची सुरुवात मी तरी बहुतेक वेळा इथेच झालेली पाहिली आहे.

गड्डा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग फ्रीजमध्ये दिवसभर सुटू द्यायचा, ही युक्तीही तुम्ही ऐकली असेल. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणून पाने न उकळताच लुळी पडतात. सोलायला फार सोयीची पद्धत आहे, मीही वापरते. पण लुळे पडले तरी ते पान कच्चेच असते. त्यालाही आठेक मिनिटे उकळत्या पाण्यात घालावेच लागते.

शिजलेली पाने स्वच्छ कापडावर पसरा आणि वरूनही टिपून घ्या. पानांच्या घड्यांत अडकलेले पाणी रश्श्यात उतरते, ते अगोदर काढलेले बरे. मग पान पालथे घालून, सुरी पानाला समांतर धरून शिरेचा फुगवटा तासून टाका. शीर कापून काढायची नाही, फक्त बाकीच्या पानाइतकी पातळ करायची.

आता मांस. टर्की म्हणजे आपोआप कमी चरबी, असा एक गैरसमज आहे. पाकिटावर नुसते 'टर्की खिमा' लिहिलेले असेल तर त्यात मांड्यांचे मांस, कातडी आणि चरबीही दळलेली असू शकते. चरबीचा आकडा वाचूनच घ्या. माझी निवड विचाराल तर कातडी आणि दिसणारी चरबी काढलेले मांडीचे मांस दोन भाग आणि छातीचे एक भाग. मांडीत चरबी छातीपेक्षा थोडी जास्त असते, पण जुन्या मिश्र खिम्याच्या मानाने ती फारच कमी आहे, आणि तिच्यातल्या संयोजी ऊतकामुळे सारणाला जीव येतो. डॉक्टरांनी अगदी कडक बंधन घातले असेल तर निव्वळ छातीचेही करता येतात. फक्त पुढची ओलाव्याची कामे काटेकोर करा. शक्य असेल तर खिमा जरा भरड दळून घ्या. पिठासारखा बारीक खिमा शिजल्यावर सॉसेजसारखा घट्ट बसतो.

हरणाचे मांस या पदार्थाला सगळ्यात शोभते असे माझे मत आहे. कोबीचा गोडसर, किंचित गंधकी स्वाद आणि त्या मांसाचा खोल स्वाद एकमेकांना धरून राहतात. त्यातही चरबी दोन-तीन टक्केच. जी काही पांढरी चरबी वर दिसते ती मात्र पूर्ण काढून टाका, थोडी तर थोडी असे म्हणून ठेवू नका. ती लवकर थिजते, टाळूला मेणासारखी चिकटते, आणि उग्र वासाची तक्रार लोक मांसाबद्दल करतात ती पुष्कळदा या चरबीमुळे असते. चंदेरी पडदाही सोला. शिकारीचे मांस असेल तर गोळी लागलेल्या जागेभोवतीचा भाग सढळ हाताने कापून टाका, शिशाचे बारीक कण दिसतात त्याहून लांब गेलेले असतात. बायसन चवीला गाईच्या मांसाच्या सर्वांत जवळ आहे. घरच्यांना बदल कळू नये असे वाटत असेल तर तेच घ्या. शहामृगाचे मांसही लाल आणि कमी चरबीचे असते, ते बायसनसारखेच वापरा. सशाचे मी एक-दोनदाच केले. मांस चांगले आहे, पण हाडांवरून काढण्यात फार वेळ जातो.

ओलावा कुठून आणायचा? याचे उत्तर या पदार्थाच्या परंपरेतच आहे. पोलंडमध्ये याला गोवॉम्प्की म्हणतात, शब्दाचा अर्थ छोटी कबुतरे. युक्रेनमध्ये होलुब्त्सी. या दोन्ही देशांत नाताळच्या आदल्या संध्याकाळी मांसाविना जेवण असते, आणि त्यासाठी मशरूम आणि तांदूळ, बकव्हीट (कुट्टू) किंवा बार्ली भरलेले रोल होतात. त्यांत मांस नसते, चरबी बेताची, तरी ते रसाळ लागतात, कारण मशरूम, परतलेला कांदा आणि धान्य यांनी पाणी धरून ठेवलेले असते. कमी चरबीच्या खिम्याला हीच मंडळी मदतीला द्यायची.

पंधरा-सोळा रोलसाठी माझे प्रमाण असे: खिमा ५०० ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम, मशरूम २०० ग्रॅम, मोठा कांदा एक (सुमारे १५० ग्रॅम), अंडे एक, कोंबडीचा किंवा भाज्यांचा थंडगार स्टॉक (उकळून काढलेले पाणी) ८० मिलीलिटर, मीठ १० ग्रॅम, दोन मोठे चमचे तेल. टर्कीसोबत मूठभर चिरलेला शेपू आणि पार्सली, अर्धा चमचा मिरपूड, एक चमचा गोड पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) आणि किसलेले जायफळ चिमूटभर. हरणासोबत शेपूऐवजी सुके मार्जोरम (ओरेगॅनोसारखा सुगंधी पाला) आणि चार-पाच ठेचलेली जुनिपरची सुकी, सुगंधी फळे.

कांदा अगदी बारीक चिरून तेलात मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परता. तो पारदर्शक होऊन चमच्याने दाबल्यास चिरडला पाहिजे, तांबूस नको. कच्चा कांदा घातला तर तो आतच पाणी सोडतो आणि खिम्यात पोकळ्या पडतात. मशरूमवर थोडा जास्त वेळ घालवा. ती खिम्याच्या कणांएवढी बारीक चिरा आणि कोरड्या तापलेल्या तव्यावर टाका. दोन मिनिटांत ती पाणी सोडतील, सगळे त्या पाण्यात पोहत असल्यासारखे दिसेल. इथे घाई करू नका. पाणी आटेल, फसफस थांबून चरचर ऐकू येईल, आणि मशरूम आकसून गडद होतील. तो आवाज बदलला की एक चमचा तेल, चिमूट मीठ आणि आणखी दोन मिनिटे. आता २०० ग्रॅमचे निम्मे उरले असेल. मांसासारखा स्वाद त्यात एकवटलेला असतो, आणि त्यातले उरलेले पाणी शिजताना सुटत नाही. कांदा आणि मशरूम दोन्ही पूर्ण थंड करा. गरम मिश्रण खिम्यात घातले की तो तिथेच शिजू लागतो आणि चिकटपणा जातो.

तांदूळ उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटे शिजवून चाळणीत उपसा, मध्ये कणी राहू द्या. जुन्या कृतीत तो कच्चा घालतात, कारण त्याला शिजायला अडीच तास मिळणार असतात. आपल्याकडे तेवढा वेळ नाही. पूर्ण शिजवलेला भातही नको, त्याची शोषायची ताकद संपलेली असते. अर्धाकच्चा दाणा मात्र खिम्यातून सुटणारा रस तिथल्या तिथे पिऊन टाकतो. लांब, मोकळ्या दाण्यापेक्षा मध्यम, किंचित चिकट जातीचा तांदूळ इथे बरा. बकव्हीट किंवा बार्ली घ्यायची असेल तर त्याही अशाच अर्ध्यावर शिजवा. हरणासोबत मी तांदळापेक्षा बकव्हीटच घेते.

मळायची एक रीत आहे. थंड खिम्यात आधी फक्त मीठ घाला आणि बोटे पसरून मिनिटभर फिरवा. मिठामुळे मांसातले मायोसिन नावाचे प्रथिन सुटून बाहेर येते, खिमा हाताला चिकटू लागतो आणि भांड्याच्या कडेला धरून राहतो. चरबी नसलेल्या खिम्याला एकत्र बांधणारे आणि पाणी धरणारे हेच. त्यात थंड स्टॉक दोन-तीन वेळा थोडाथोडा घाला, आधीचा मुरल्यावर पुढचा. या स्टॉकमध्ये एक लहान चमचा, म्हणजे ३ ग्रॅमच्या आसपास, साधी जिलेटिन पावडर दहा मिनिटे भिजवून घातली तर जुन्या रोलची ती चिकटसर ओल बऱ्याच अंशी परत मिळते. काही जिलेटिन डुकरापासून केलेले असते, ते चालत नसेल तर पाकीट पाहून घ्या. मग अंडे, मसाले, कांदा, मशरूम आणि शेवटी तांदूळ, आणि आता फक्त कालवायचे, मळायचे नाही. मीठ घातल्यावर पाच-सहा मिनिटे कणकेसारखे तिंबत बसलात तर शिजलेले सारण रबरासारखे उसळते. दोन अंडी घातल्यानेही तेच होते.

या वेळी सारण मऊ, चमच्यावरून हळू घसरेल असे दिसेल. पातळ झाले असे वाटून त्यात ब्रेडचा चुरा घालू नका. त्यातली एक छोटी चकती तव्यावर भाजून चाखा. सगळे रोल भरून झाल्यावर मीठ कमी पडले हे कळून काही उपयोग नसतो, आणि कच्च्या टर्कीची चव घेऊन पाहायची नसते.

रोल बारीक आणि लांब करा, तीन-चार सेंटिमीटर जाडीचे. मुठीएवढ्या जाड रोलचा मध्य शिजेपर्यंत त्याच्या कडा वाळून जातात. पान वाटीसारखे उताणे ठेवा, देठाकडच्या बाजूला ६५ ग्रॅमच्या आसपास सारण बोटभर लांब आडवे मांडा, देठाची कड त्यावर घ्या, दोन्ही बाजू आत दुमडा आणि पुढे लोटत न्या. चरबीच्या आणि कच्च्या तांदळाच्या रोलला फुगायला जागा ठेवतात, तुम्हालाही सैल गुंडाळायची सवय असेल. इथे तांदूळ थोडाच फुगणार आहे आणि मांस थोडे आकसणार आहे, तेव्हा पान अंगाला बसेल असे गुंडाळा, ताणून नव्हे. शेवटची कड खाली करून ठेवली की दोऱ्याची किंवा काडीची गरज पडत नाही.

रस्सा आधीच पूर्ण करायचा, कारण तो आटायला आता भांड्यात वेळ मिळणार नाही. दोन मोठे चमचे तेलात कांदा परता, दोन चमचे टोमॅटो पेस्ट घालून तिचा रंग विटेसारखा होईपर्यंत हलवा, गॅस मंद करून एक चमचा पॅप्रिका घाला. लगेच ८०० ग्रॅम सोललेले टोमॅटो आणि ३०० मिलीलिटर स्टॉक ओता, नाहीतर पॅप्रिका जळून कडू होते. पंचवीस-तीस मिनिटे आटवा. जुन्या रोलमधून रश्श्यात चरबी उतरायची आणि तिच्यामुळे टोमॅटोची धार बोथट व्हायची. आता तसे होणार नाही, म्हणून रश्श्यातले तेल पूर्ण वगळू नका. दोन चमचे तेल सोळा रोलमध्ये वाटले जाते. एक चमचा साखर किंवा किसलेले गाजर आंबटपणा सावरते.

अनेक घरांत तळाशी धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, विशेषतः हंगेरी, रोमानिया आणि बाल्कन भागात. ते गेल्याची उणीव पहिल्या घासाला जाणवते. त्याऐवजी निम्मी पॅप्रिका धुरावलेली घ्या आणि मूठभर सुकी मशरूम गरम पाण्यात भिजवून ती आणि गाळलेले पाणी रश्श्यात घाला. हुबेहूब तोच स्वाद येत नाही, पण जागा रिकामी राहत नाही.

डुकराशिवाय हा पदार्थ अपुरा राहतो, असे कोणी म्हटले तर पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतल्या होलिश्केसकडे, म्हणजे त्यांच्या कोबी रोलकडे पाहा. तिथे डुकराचे मांस वर्ज्य, आणि मांसासोबत दुधाचा पदार्थही चालत नाही, त्यामुळे वरून आंबट सायही नाही. त्यांनी गाईच्या मांसाला बेदाणे, लिंबू आणि साखरेचा आंबटगोड रस्सा दिला आणि त्याची स्वतंत्र चव तयार झाली. टर्कीला हा रस्सा फार छान लागतो. वरच्या रश्श्यातच दोन चमचे लिंबाचा रस, दोन चमचे गूळसर तपकिरी साखर आणि मूठभर बेदाणे घालायचे. स्वीडनमध्ये या रोलला कोलदोल्मार म्हणतात आणि राजा बारावा चार्ल्स १७०९ मध्ये पोल्टावाच्या लढाईत हरल्यावर काही वर्षे ऑटोमन (तुर्की) राज्यात राहिला, तिथून ही कल्पना आली असे मानले जाते. ऑटोमनांकडे सारण द्राक्षाच्या पानांत गुंडाळत, स्वीडनमध्ये त्या पानांच्या जागी कोबी आला. पान बदलले, मांस बदलले, धान्य बदलले, तरी पदार्थ टिकला आहे. तुम्ही करताय तो बदल त्याला नवा नाही.

आता भांडे. तळाशी उरलेली कोबीची पाने अंथरा, त्यावर रोल एकमेकांना लागून, शक्यतो एकाच थरात मांडा. उकळता रस्सा ओता. थंड रस्सा ओतला तर तो तापेपर्यंतच पंधरा-वीस मिनिटे जातात. रोलचा माथा रश्श्यात बुडालेला हवा, उघडा भाग वाळतो. घट्ट झाकण लावून १६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ४५ ते ५५ मिनिटे ठेवा. गॅसवर करणार असाल तर वर एक ताटली पालथी दाबून ठेवा आणि आच एवढीच ठेवा की कुठेतरी एखादाच बुडबुडा फुटेल. खळखळ उकळी आली की अर्धे काम बिघडलेच.

चाळिसाव्या मिनिटाला मधल्या रोलच्या मध्यात थर्मामीटरचे टोक घाला. टर्की आणि इतर पक्ष्यांच्या खिम्याला ७४ अंश, हरीण किंवा बायसनच्या खिम्याला ७१ अंश गाठायलाच हवेत. त्याखाली खायला देऊ नका, आणि तो आकडा दिसल्यावर भांडे आत ठेवू नका. रंगावरून ठरवू नका. भाज्या मिसळलेला पक्ष्याचा खिमा पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकतो. तो गुलाबी दिसला म्हणून आणखी अर्धा तास शिजवणारे मी पाहिले आहेत. एवढ्या कामात थर्मामीटरइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

बाहेर काढल्यावर झाकण न उघडता वीस मिनिटे तसेच राहू द्या. तांदूळ उरलेला रस तेवढ्यात ओढून घेतो आणि रोल कापताना सुटत नाही. वरून काही पांढरे हवे असेल तर पूर्ण स्निग्धांशाच्या आंबट सायीऐवजी घट्ट, पाणी काढलेले दही चालते. मात्र ते वाढताना ताटात घाला, उकळत्या रश्श्यात फाटते.

मिठाबद्दल एक सांगायलाच हवे, कारण प्रश्नात तब्येतीचा उल्लेख आहे. बाल्कन देशांत आणि रोमानियात सारमा किंवा सारमाले नावाचे कोबी रोल करतात ते खारवून आंबवलेल्या अख्ख्या गड्ड्याच्या पानांचे. चव अप्रतिम असते आणि त्यांची आंबट धार कमी चरबीच्या मांसाला उठाव देते. पण त्या पानांत मीठ भरपूर मुरलेले असते. तासभर थंड पाण्यात, एकदा पाणी बदलून, भिजवा आणि सारणात मीठ निम्मे करा. डॉक्टरांनी मिठावरही बंधन घातले असेल तर ताजाच कोबी घ्या आणि रश्श्याला बिनमिठाचा स्टॉक वापरा. आंबवलेली पाने आधीच आंबट असल्यामुळे मऊ व्हायला फार वेळ घेतात. त्यांना रोल भरण्याआधी साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास मंद शिजवून घ्या.

उरलेले रोल दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, रश्श्यात बुडवून ठेवा, तीन-चार दिवस चांगले राहतात. दुसऱ्या दिवशी चव मुरते, हे कमी चरबीच्या रोललाही लागू आहे, फक्त गरम करताना तीच जुनी चूक पुन्हा होऊ शकते. पसरट भांड्यात रश्श्यासह, पाव कप पाणी घालून, झाकून मंद आचेवर तापवा आणि मध्यभागी पुन्हा ७४ अंश झाले की उतरवा. लागतील तेवढेच काढून तापवा. फ्रीझरमध्ये ठेवायचे तर शिजवून, गार करून, रश्श्यासकट ठेवा, दोन-तीन महिने टिकतात, आणि आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवले की सकाळपर्यंत सुटतात.

पहिल्यांदा करताना सोळाच्या सोळा भरू नका. आठ भरा, निम्मे सारण झाकून फ्रीजमध्ये ठेवा, आणि एक रोल ४० मिनिटांनी, दुसरा ५० मिनिटांनी कापून पाहा. तुमच्या ओव्हनची आणि भांड्याची नेमकी वेळ त्यातून कळेल. उरलेले आठ दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर करा.